सामाईक भिंत

सिरसाटबाईंच्या वर्गात चुकीचं उत्तर देणारं पोर लवकर सुटायचं. बरोबर उत्तर देणाऱ्याची मात्र खैर नसे. "बरोबर," बाई म्हणायच्या, "आता कावून ते सांग." गोदावरी पूर्वेकडं वाहते हे पुस्तकातलं वाक्य ज्यानं घोकलेलं असायचं, तो तिथंच गार पडायचा. बाई थांबायच्या. घाई नाही, राग नाही. खडू दोन बोटांत फिरवत त्या नुसत्या उभ्या राहायच्या, आणि ते उभं राहणं छडीपेक्षा वाईट, असं पोरंच सांगत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर हटकलं. शिक्षकानं 'का' म्हणावं, 'कावून' हा गावंढळ शब्द वर्गात शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "कावून, साहेब?" साहेबांनी त्याचं उत्तर तपासणीच्या शेऱ्यात सवडीनं लिहिलं.

मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. मास्तर म्हणजे नावाला. आमच्या गावात चित्रकला कोणाला हवी होती? मी दूध सोसायटीचा फलक रंगवायचो, बैलांची शिंगं रंगवायचो, आणि उरलेल्या वेळात बाईंचे नकाशे काढायचो. बाई मला सर म्हणत नसत. "पेंटर, इकडं या," अशी हाक यायची आणि मी ब्रश घेऊन निघायचो. त्या माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या. मला त्यांचा धाक होता आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासारखं एकदा तरी कोणाला तरी 'कावून' विचारावं, अशी हौसही होती. ती हिंमत मला वेळेवर कधी झाली नाही, आणि तेच पुढं अंगाशी आलं.

आमचं गाव घाटनांदूरपासून थोडं आत. काळी जमीन थोडी, मुरूम फार. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन ट्रकमध्ये बसायची आणि लांबच्या सहकारी कारखान्यांवर ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्यातच परत. मागं राहायची म्हातारी माणसं, शेळ्या आणि आम्ही मास्तर लोक. बाई एकट्याच. लग्न केलं नाही, कावून ते कोणी विचारलं नाही. दोन खणांचं त्यांचं माळवदाचं घर होतं. दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर हातभर पांढरी माती. पलीकडं गयाबाईचं घर, तसंच. मधली भिंत दोघींची मिळून एकच होती.

त्या भिंतीत वीतभर भोक होतं. कोणी कधी ठेवलं कोणास ठाऊक. त्यातून गयाबाई विस्तव मागायची, बाई ताक मागायच्या, आणि संध्याकाळी दोघी आपापल्या चुलीपुढं बसून त्या भोकातून बोलत राहायच्या. गयाबाई सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण तोंडानं खणखणीत. "बाई, तुमाला येवडं ठावं हाय," ती म्हणायची, "मग पाऊस कावून पडंना ते सांगा की." बाईंना कोणी त्यांच्याच शब्दानं गप्प केलेलं मी पाहिलं ते गयाबाईनंच. बाई खळखळून हसायच्या. हसताना त्या कोणाच्या तरी धाकट्या बहिणीसारख्या दिसत.

मग किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावावर तो कोसळला नाही. जमीन हलली, उतरंडी पडल्या, भिंतींना चिरा गेल्या, एवढंच. पण खाली किल्लारीकडं काय झालं ते आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. कोणाची बहीण त्या बाजूला दिली होती, कोणाची मावशी. दगड-मातीच्या भिंती आणि वरची ती हातभर माती, हीच माणसांच्या अंगावर आली होती. आमच्याही घरांना तीच भिंत आणि तीच माती. गाव उघड्यावर झोपायला लागलं.

विहिरींची पातळी मोजायला भूगर्भवाले एक साहेब आले, तर बाई दिवसभर त्यांच्या मागं फिरल्या. साहेब पाण्याचा दोर सोडायचे आणि बाई विचारायच्या, कावून. संध्याकाळी ते गृहस्थ थकून गेले, पण बाईंचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या मैदानात सगळ्या गावाला बोलावलं. एक रिकामं पोतं चार दांडग्या पोरांच्या हातात दिलं.

"ताणा," बाई म्हणाल्या. पोरांनी चहूबाजूंनी ताणलं. बाईंनी मध्यावर ब्लेडनं वीतभर चीर दिली. "आता बोट लावून बघा. भेगेच्या दोन्ही कडांना पोतं कसं हाय?"

गयाबाई सगळ्यांत पुढं. तिनं बोट लावलं. "ढिलं पडलं की."

"बरोबर. आणि टोकाला?"

टोकाला सुतळी ताणून तुटायच्या बेतात आली होती. गयाबाईनं हात लावला तशी टर्रकन आणखी दोन बोटं फाटली.

"खाली खडकात असंच असतं," बाई म्हणाल्या. "खडक फुटला म्हंजी त्याच्यावरचा ताण गेला, असं न्हाई. तो सरकला. भेगेच्या कडेच्या खडकाचा कमी झाला, टोकाकडच्या खडकाचा वाढला. शेजारची जुनी भेग कुटं हाय, तिच्यावर ठरतं. तिला आराम बी पडंल, न्हाईतर तिच्यावरच बोजा येईल. एकाचं उतरलं की ते दुसऱ्याच्या डोक्यावर जातं."

आपलं गाव कडेला येतं की टोकाला, हे कोणीतरी विचारलंच. बाईंनी मला बोलावून शाळेच्या भिंतीवर नकाशा काढायला लावला. टोकांकडं लाल, कडांना हिरवा. आम्ही हिरव्यात होतो. "पर आपण लई लांब," बाई बजावत होत्या. "एवढ्या लांब हा फरक नखाएवढा. आणि लहान हादरे येत राहतेत. भिंत ती भिंतच. बाहेर झोपा." हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी साक्षीला आहे.

सांगून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दूध सोसायटीचं पत्र्याचं शेड होतं, लोखंडी खांबांवर उभं. बाईंनी चेअरमनच्या दारात तीन दिवस ठाण मांडून ते म्हाताऱ्यांना झोपायला उघडून घेतलं. चेअरमन वैतागून म्हणाले, "बाई, ही दुधाची सोसायटी हाय, धर्मशाळा न्हाई." बाई म्हणाल्या, "दूध कुटं हाय?" पावसानं दोन वर्षं ओढ दिलेली, जनावरं आटलेली, शेडमध्ये नुसते रिकामे कॅन. चेअरमननं किल्ली दिली.

दसरा झाला आणि ट्रक आले. गयाबाईचा मुलगा भीमा बायकोसह निघाला. कोयते, पातेली, कोंबड्या सगळं चढवून झालं आणि तो परत खाली उतरला. मी बाईंच्या ओट्यावर बसलो होतो.

"बाई, आई शेडमधी झोपंल. पर ते शेड बंद झालं तर? आत झोपू द्यावं का तिला?"

बाईंनी हो म्हणावं तर भिंत, नाही म्हणावं तर सत्तरीची बाई थंडीत उघड्यावर, आणि मुलाला जाणं भाग. असा प्रश्न आमच्याच भागात पडतो. घर सोडून जाणारा माणूस आईला कुठं निजवायचं ते मास्तरणीला विचारतो आणि ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो.

"आपण कडेला हाव भीमा, टोकाला न्हाई," बाई शेवटी म्हणाल्या. "शेड हाय तोवर शेडमधीच. न्हाईच जमलं तर झोपू दे आत. मी हाय की शेजारी."

भीमाचा चेहरा मोकळा झाला. तुमी हाव म्हणून चाललो, असं म्हणून तो ट्रकवर चढला.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी आपल्या घराचं माळवद उतरवायला काढलं. लोकांना दाखवायचं होतं, की माती काढून पत्रे टाकता येतात, घाबरण्यासारखं काही नाही. उस्मान मिस्त्री कामाला होते. अंबाजोगाईचे, बापजाद्यांपासून दगडाचं काम. मी आणि दहावीची पोरं माती उपसायला. दोन दिवसांत माती खाली आली. तिसऱ्या दिवशी तुळया ओढून काढायच्या होत्या. मिस्त्री मधल्या भिंतीवर बसले, तिच्यावर हात फिरवला आणि वरूनच म्हणाले,

"बाई, ही दीवार दोघींची हाय. दोन्हीकडनं तुळयांनी धरलेली. तुमच्या तुळया काढल्या की इकडनं मोकळी, समदा बोजा गयाबाईच्या अंगाला. तिचं बी आत्ताच उतरवू. बराबर होईल."

गयाबाई भोकातून ऐकत होती. "माझ्या माळवदाला हात लावू नगंस रे उस्मान," ती ओरडली. "पत्र्याखाली भाजून मरंल मी. भीमा आल्यावर बघू."

बाई हसल्या. "उन्हाळ्यात करू, मिस्त्री. भीमा आला की."

"तुमची मर्जी," मिस्त्री म्हणाले.

इतकंच. पृथ्वीवरच्या प्रत्येक गोष्टीला कावून विचारणाऱ्या बाईंनी मिस्त्रींना तेवढ्यापुरतं विचारलं नाही. मिस्त्रींनी सांगितलेलं आणि बाईंनी पोत्यावर शिकवलेलं एकच होतं. मला ते तेव्हा समजलं का? अर्धवट समजलं. मनात काहीतरी टोचलं आणि मी ते बोललो नाही, कारण बाईंना काय सांगायचं, त्यांना कळत नसेल का, असं मला वाटलं. आम्ही तुळया ओढल्या. भिंतीत त्यांची भोकं राहिली. ती आम्ही चिखलानं लिंपून टाकली, आणि लिंपण छान झालं म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

डिसेंबर संपता संपता दुष्काळाचा चारा डेपो मंजूर झाला. चारा कोरड्या जागी ठेवायचा तर गावात एकच शेड. चेअरमननं म्हाताऱ्यांना बाहेर काढलं आणि कडबा भरला. बाई भांडल्या, पण या खेपेला गावच चेअरमनच्या बाजूनं होतं. जनावरं जगवायची होती. म्हातारी माणसं आपापल्या घरात गेली. गयाबाई तर खुशीतच गेली. भोकातून म्हणाली, "बरं झालं बाई. तितं त्या म्हाताऱ्या लई घोरत्यात."

पुढच्या महिन्यातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीनंतरचा पहिला तास. खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, खिडक्यांची तावदानं वाजली आणि थांबली. बाईंनी पोरांना आधीच शिकवून ठेवलं होतं. एकही पोर किंचाळलं नाही, सगळी रांगेनं मैदानात आली. बाईंनी डोकी मोजली, माझ्याकडं बघून मान हलवली, सगळे आहेत. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. ते मी त्यांच्या तोंडावर शेवटचं पाहिलं.

गावातून कोणीतरी पळत आलं.

गावात दुसरी एकही भिंत पडली नव्हती. उतरंडीसुद्धा जागच्या जागी होत्या. बाईंचं म्हणणं खरं होतं. आम्ही कडेलाच होतो आणि धक्का नखाएवढाच होता. फक्त ती एक भिंत गयाबाईच्या बाजूला बसली, आणि तिच्यावर टेकलेल्या तुळया वरच्या मातीसकट खाली आल्या. बाईंच्या खोलीत एक दगड आला नव्हता. पत्रे चकचकीत होते. चूल होती, चुलीवरचं पातेलं होतं, आणि चुलीसमोर जिथं भिंत होती तिथं धूळ उभी होती.

बाईंनी हातांनी माती उकरली. फावडी आणली होती, पण फावडं तिला लागेल म्हणून त्यांनी कोणाला मारू दिलं नाही. त्यांची नखं निघाली. गयाबाई सापडली तेव्हा ऊन कलत आलं होतं. तिच्या हातात सूप होतं. ज्वारी पाखडत बसली होती.

उस्मान मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. ढिगाऱ्याजवळ बसून एक दगड इकडून तिकडं केला. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बोला, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "मला बोला." मिस्त्रींनी मान खाली घातली. "अल्लाची मर्जी, बाई," ते म्हणाले. चांगला माणूस होता. त्यांनी त्या दिवशी थोडं वाईट व्हायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

भीमा तिसऱ्या दिवशी पोहोचला. कारखान्यावर निरोप जायलाच वेळ लागला. बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं, "भीमा, आई माझ्यामुळं गेली."

"असं कावून म्हणता बाई? तुमी तर हातानं उकरलं तिला. समद्यांनी सांगितलं मला."

बाईंनी काडी घेतली आणि मातीत भिंत काढली. इकडच्या तुळया, तिकडच्या तुळया. इकडच्या पुसल्या. मग बोजा कुठं गेला, भिंत कुणीकडं कलली, मिस्त्री काय बोलले होते, आपण काय उत्तर दिलं होतं. वर्गात शिकवावं तसं पायरी-पायरीनं त्यांनी सगळं समजावलं. एक गोष्ट सोडली नाही. भीमा मान हलवत होता. त्याचे डोळे सुजले होते आणि त्या रेघांकडं तो बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

"तुमी लई शिकलेल्या हाव, बाई," तो म्हणाला. "आमचं नशीब, दुसरं काय." आणि वाकून तो त्यांच्या पाया पडला. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं, टोळी खोळंबली होती.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "पेंटर, एक शिवी तरी द्यायची होती त्यानं मला." आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि काय करावं ते मला कळेना. मीही भिंतीत चिखल भरला होता, असं त्यांना सांगावंसं वाटलं. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

त्यानंतर त्यांनी मला शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर चुना मारायला लावला. हिरवा रंग चुन्याखालून डोकावत राहिला, तेव्हा परत दुसरा हात मारायला लावला. शिकवणं त्यांनी सोडलं नाही. नदी कुठं उगम पावते, कुठं मिळते, सगळं नीट शिकवायच्या. पोर बरोबर उत्तर देई. "बरोबर," बाई म्हणायच्या, "बस खाली." पोरांना आधी बरं वाटलं. मग त्या वर्गात एक प्रकारची शांतता आली, ती मला शेजारच्या वर्गात ऐकू यायची आणि माझं ब्रशवरचं लक्ष उडायचं.

माझी बदली झाली, पुढं निवृत्तही झालो. बाईंना पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मध्यंतरी एका टंचाईच्या वर्षी घाटनांदूरला लग्नाला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून गावात गेलो. वेशीवर टँकरभोवती घागरींची रांग होती. दूध सोसायटीच्या शेडला कुलूप, मी रंगवलेल्या फलकावरची गाय तेवढी ओळखू येत होती. भीमाचं घर त्याच जागी, पण आता वेगळं होतं. स्वतःच्या लोखंडी खांबांवर पत्रे, कोणत्याही भिंतीवर काही टेकलेलं नाही. ते घर बाईंनीच उभं करवून दिलं, असं भीमाच्या बायकोनं सांगितलं.

मधली भिंत परत उभी होती. तेच दगड, तीच माती. उस्मान मिस्त्रींच्या हातचं ते शेवटचं काम म्हणे. भिंतीत वीतभर भोकही होतं.

आणि बाई घराबाहेर पांढऱ्या मातीची पाटी भरत होत्या. केस पूर्ण पिकलेले, पाठीत त्या आता गयाबाईसारख्याच वाकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "पेंटर," म्हणाल्या, आणि पाटी भरत राहिल्या. मी वर पाहिलं. त्यांच्या खोलीवर पत्रे नव्हते. जुन्या तुळया परत भिंतीत घातलेल्या, आणि वर माती. हातभर नव्हे, चांगली दोन हात असेल. दरवर्षी थोडी थोडी टाकत होत्या, पाऊस असो नसो. गावातल्या कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. माळवद गार राहतं, म्हातारीला सोसवतं, असं भीमाची बायकोही म्हणाली.

मी भिंतीजवळ गेलो. हात फिरवला, मिस्त्रींनी फिरवला होता तसा. पलीकडून काही नाही. सगळा बोजा अलीकडून.

माझ्या आयुष्यात मी वेळेवर बोललो ते तेवढं एकदाच. "बाई," मी म्हणालो, "ही भिंत आता पडली तर तुमच्या अंगावर पडेल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी आलं, पोरानं नेमकं उत्तर दिल्यावर यायचं ते.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. पुढचे शब्द येतील म्हणून मी वर्गातल्या पोरासारखा उभा राहिलो. त्यांनी विचारलं नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि माळवदाला लावलेल्या शिडीकडं गेल्या.

"धरा जरा," त्या म्हणाल्या. "हलती ती."

मी शिडी धरली.